रेटिनॉल लावायचंय? मग हात आखडता ठेवा

‘थोडी आग होणारच, सालं निघणारच, म्हणजे ते लागू पडतंय’ असं रेटिनॉलबद्दल सर्रास ऐकायला मिळतं. फार गोऱ्या कातडीला हे एक वेळ परवडतं. चेहरा लाल होतो, आठवडाभरात ओसरतो, मागे फारसं काही उरत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचं तसं नाही. तिला जिथे दाह होतो तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि दाह गेला तरी तपकिरी डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. मुरूम फुटून गेल्यावर उरणारा डाग आठवा, प्रकार तोच. म्हणजे डाग घालवायला आणलेली बाटली घाईने वापरली तर नवेच डाग पदरात टाकते. रेटिनॉल आग होऊ न देताही वापरता येतं आणि आपण ते तसंच वापरायचं. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

हे नेमकं काय आहे

रेटिनॉल हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं आणि मग रेटिनॉइक आम्ल. खरं काम हे आम्लच करतं. मृत पेशी चिकटून छिद्रं बुजतात ते थांबतं, नव्या पेशी वर येण्याचा वेग वाढतो, साठलेला रंग हळूहळू विरतो आणि खालच्या थरात कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला चालना मिळते. या दोन पायऱ्यांत बराच माल वाटेत गळतो, म्हणून रेटिनॉल सौम्य असतं. डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक आम्लच. त्यामुळे ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.३ टक्के रेटिनॉल यांतलं दुसरं जास्त कडक, असा आकड्यांवरून हिशेब करू नका. इथे लहान आकडाच जहाल आहे.

ट्रेटिनॉइन अमेरिकेत मुरुमांचं औषध म्हणून १९७१ मध्ये मान्य झालं. त्यामागचे फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी पुढे १९८६ मध्ये उन्हाने जून झालेल्या त्वचेवरही ते गुण देतं असं दाखवलं आणि सुरकुत्यांसाठी या औषधाची चलती सुरू झाली. याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. औषधाचं कौतुक करताना ही बाजूही माहीत असावी.

कोणी लांब राहायचं

गर्भवती असाल किंवा मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर रेटिनॉल किंवा त्याच घराण्यातलं रेटिनाल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन यांतलं काहीही नको. मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. चेहऱ्यावर लावलेलं रेटिनॉल रक्तात जेमतेम जातं, तरी सुरकुत्यांचा इलाज नऊ महिने थांबू शकतो. असा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. दिवस गेल्याचं कळण्याआधी काही रात्री लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका. बंद करा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. अंगावर दूध पाजत असाल तर आधी विचारा.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा आधीच सुकलेली असते, वरून रेटिनॉल नको. इसब, सोरायसिस, चेहऱ्यावर उघडी जखम, नुकतंच लेझर किंवा पील झालेलं असेल तरीही थांबा. कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरट डाग असेल तर ती जागा सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग उडतो, त्यावर रेटिनॉल हा इलाज नाही.

विशीतल्या, स्वच्छ चेहऱ्याच्या मुलींनी ‘सुरकुत्या येऊ नयेत म्हणून’ हे सुरू करावं का? माझ्या मते त्या पैशांचं सनस्क्रीन घ्यावं.

बाटली निवडताना

पहिली बाटली ०.१ ते ०.३ टक्क्यांची घ्या. एक टक्का लिहिलेली बाटली शेजारीच, पन्नास रुपयांच्या फरकाने मिळते म्हणून उचलू नका. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांतलं रेटिनॉल ०.३ टक्क्यांवर आणि अंगाच्या लोशनमधलं ०.०५ टक्क्यांवर आणून ठेवलं. त्यामागे आहारातून आणि गोळ्यांतून येणारं ‘अ’ जीवनसत्त्व धरून एकूण बेरीज फार होऊ नये हा विचार होता. पण आपल्याला त्यातून एक आयता मापदंड मिळतो.

वेष्टनावरच्या आकड्यांत बनवाबनवी चालते. ‘रेटिनॉल कॉम्प्लेक्स ५ टक्के’ म्हणजे शुद्ध रेटिनॉल ५ टक्के नव्हे, ते मिश्रण आहे आणि त्यात खरा माल किती ते लिहिलेलं नसतं. ‘ग्रॅनॅक्टिव्ह रेटिनॉइड २ टक्के’ असं असेल तर त्यातला सक्रिय घटक प्रत्यक्षात ०.२ टक्के असतो आणि तोही रेटिनॉल नसून त्याचा सौम्य भाऊबंद असतो. रेटिनिल पाल्मिटेट तर फारच मवाळ. नाजूक त्वचेला यातलं काही वाईट नाही, फक्त आपण काय घेतोय ते कळायला हवं.

रेटिनॉलला उजेड आणि हवा सोसत नाही. रुंद तोंडाची, पारदर्शक काचेची बरणी कितीही देखणी असली तरी दुकानातच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमची नळी किंवा दाबून थेंब काढायचा हवाबंद पंप चांगला. रंग फिकट पिवळा असणं स्वाभाविक आहे, गर्द तपकिरी झाला की टाकून द्या. वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ असेल तर उघडल्यापासून सहा महिने. उघडल्याची तारीख पेनाने नळीवरच लिहून ठेवा.

आता मेडिकलच्या दुकानाकडे वळू, कारण आपल्याकडे खरी फसगत तिथे होते. ‘डागांसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवरून एक लहानशी नळी पुढे येते. तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि तिसरं नाव मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन, असं त्रिकूट असेल तर त्यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. वांगासाठी डॉक्टर हे मलम ठरावीक आठवड्यांपुरतं देतात. पण पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो, म्हणून नणंद भावजयीला सांगते, भावजय बहिणीला, आणि घरोघर ते क्रीम म्हणून वर्षभर लावलं जातं. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पुरळ येतं आणि मलम बंद केलं की चेहरा पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना असलेली नियमातली सवलत काढून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही मिळतात. असं मलम बरेच महिने लावत असाल तर त्याच्या जागी रेटिनॉल सुरू करू नका. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सोडवून घ्या.

बाकुचिऑलबद्दल हल्ली फार विचारलं जातं. ते आपल्या बावचीच्या बियांतून काढतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ४४ जणांवर १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा, असं लावून पाहिलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींत सारखेच कमी झाले, आग मात्र बाकुचिऑलने कमी झाली. अभ्यास छोटा आहे, पण ज्यांना रेटिनॉल मानवतच नाही त्यांनी करून बघायला हरकत नाही. मात्र त्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीचं तेल आणून चेहऱ्याला चोळू नका. त्या बियांत सोरॅलेन असतं, ते लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजून फोड येतात. कोडाच्या उपचारात ते वापरतात ते याच गुणासाठी, मोजूनमापून.

आधीचे दोन आठवडे

रेटिनॉल लावण्याआधी चेहऱ्याची घडी बसवा. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बस. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. लिंबू, टूथपेस्ट, डाळीच्या पिठाने खसाखसा घासणं, दाणेदार स्क्रब, सगळं बंद. घरात बोअरचं जड पाणी येत असेल तर चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो. शेवटचा हात साठवलेल्या पिण्याच्या पाण्याचा फिरवा, फरक पडतो.

दोन आठवडे हे करून चेहरा कुठे चुरचुरत नसेल तर कानामागे किंवा जबड्याच्या कडेला नाण्याएवढ्या जागेत सलग तीन रात्री रेटिनॉल लावून बघा. सूज, पुरळ, तीव्र खाज नसेल तर पुढे चला.

सुरुवात कधी करावी? महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत मला पावसाळा सोयीचा वाटतो. हवेत ओलावा असतो, त्वचा सुकत नाही, उन्हाची धार कमी असते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात किंवा नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, ओठ-गाल आधीच फुटत असताना, नवा प्रयोग नको. थंड देशात राहणाऱ्यांनी हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या हीटरचाही विचार करावा, त्या कोरड्या हवेत दोन रात्रींमधलं अंतर वाढवावं लागतं.

पहिली रात्र

झोपण्याच्या तासभर आधी चेहरा धुवा आणि टिपून घ्या, पुसू नका. पूर्ण कोरडा होऊ द्या. ओलसर त्वचेत औषध जास्त झिरपतं आणि जास्त चावतं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, तोवर उद्याच्या डब्याची भाजी चिरून होते.

नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे बाहेरचे कोपरे इथे बोटाच्या टोकाने व्हॅसलिनचा पातळ थर द्या. औषध घरंगळत जाऊन साचतं ते याच जागी, आणि सालं निघायला सुरुवातही इथूनच होते. मग चेहऱ्याला मॉइश्चरायझर लावा. पाच मिनिटांनी रेटिनॉल.

किती? संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटाराच्या एका दाण्याएवढं, गालाला एक आणि कपाळाला एक असे दोन-तीन दाणे नाहीत. तर्जनीच्या टोकावर घ्या, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यातून पाच ठिपके उचला: कपाळावर दोन, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक. नाकाला वेगळा ठिपका नको, पसरवताना आपसूक लागतं. ठिपक्यापासून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पसरवा. पापण्या सोडा. मानेला पहिले दोन महिने काही लावू नका, तिथली कातडी पातळ असते आणि फार लवकर कुरकुर करते. वरून पुन्हा मॉइश्चरायझरचा एक हात. दोन थरांच्या मध्ये ठेवल्याने असर थोडा मंदावतो. सुरुवातीला आपल्याला तेच हवं आहे. फारच नाजूक त्वचा असेल तर अर्ध्या तासाने चेहरा धुऊन टाका आणि हळूहळू ती वेळ वाढवत न्या.

लावल्यावर हात धुवा. डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असेल तर त्या रात्री नको. तेल कपाळावर उतरतं, छिद्रं बुजतात, आणि मग ‘रेटिनॉलने पुटकुळ्या आल्या’ म्हणून बोल बिचाऱ्या बाटलीला.

वार ठरवून घ्या

‘आठवड्यातून दोनदा’ असं मोघम ठेवलं की कधी लागोपाठ लावलं जातं, कधी विसरतं. सरळ मंगळवार आणि शनिवार ठरवा. मधल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. तीन आठवडे असं गेलं आणि तक्रार नसेल तर तिसरा वार धरा. आणखी तीन-चार आठवड्यांनी एक आड एक रात्र. बहुतेकांनी इथेच थांबावं. रोज लावलंच पाहिजे असा काही दंडक नाही, आणि एक आड एक रात्र वर्षभर नेमाने लावणारी बाई महिनाभर रोज लावून सोडून देणारीच्या कितीतरी पुढे जाते.

टक्केवारी वाढवायची तर हातातली बाटली संपल्यावर, आणि तेव्हा वार पुन्हा दोनवर आणून. एकाच वेळी टक्के आणि रात्री दोन्ही वाढवू नका, बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

सोबत काय चालतं? नायसिनामाइड, म्हणजे ‘ब३’ जीवनसत्त्वाचं एक रूप, खुशाल लावा, उलट त्याने त्वचेला आधारच मिळतो. व्हिटॅमिन सी सकाळी. ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक अशी आम्लं रेटिनॉलच्या रात्री नकोत. पहिले तीन महिने तर त्यांना सुट्टीच द्या. बेन्झॉइल पेरॉक्साइड डॉक्टरांनी दिलं असेल तर ते सकाळी लावा.

पुरुषांसाठी: दाढी सकाळी करत असाल तर आदल्या रात्री रेटिनॉल नको, निदान सुरुवातीला. ब्लेडने वरचा थर आधीच खरवडला जातो. रविवारी दाढीला सुट्टी देत असाल तर शनिवारची रात्र आयती मोकळी आहे.

सकाळ

सनस्क्रीन लावणार नसाल तर रेटिनॉल घेऊ नका. हे मी सौम्य करून सांगणार नाही. एका बाजूने डाग काढायचा आणि दुसऱ्या बाजूने ऊन तो पुन्हा भरणार, यात फक्त पैसे जातात. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मानेला मिळून. रेटिनॉल मटाराएवढं आणि सनस्क्रीन सढळ हाताने असं प्रमाण हवं, आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. ढगाळ दिवशीही लावायचं, आणि खिडकीशेजारी बसून काम असेल तरीही, कारण अतिनील किरणांतले यूव्हीए साध्या काचेतून आत येतात. वांग असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या. वांगाला दिसणारा प्रकाशही वाढवतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. मुंबई-कोकणातल्या घामात क्रीम नको वाटतं, तिथे जेल घ्या. स्कूटरवर स्कार्फ बांधता तो बांधाच, पण तो सनस्क्रीनच्या बदली नव्हे.

बिनसलं तर

थोडा कोरडेपणा, हनुवटीशी बारीक सालं, इतपत ठीक. एक-दोन वार गाळा. पण साधं पाणी लागलं तरी चरचरतं, गाल तापल्यासारखे वाटतात, त्वचा ताणलेली आणि उगाच चकचकीत दिसते, अशी लक्षणं असतील तर रेटिनॉल पूर्ण बंद. फेसवॉशही फक्त रात्री. मॉइश्चरायझर, व्हॅसलिन, सनस्क्रीन यापलीकडे काही नाही. चेहरा शांत झाल्यावर आणखी एक आठवडा थांबा आणि मग आठवड्यातून एका रात्रीपासून सुरू करा. घरात पडून असलेलं गजकर्णाचं मलम ‘आग लगेच थांबते’ म्हणून लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइडच असतं.

सुरुवातीला पुटकुळ्या वाढणं हा वेगळा मामला आहे. आत दडलेले मुरूम लवकर वर येतात, त्याला पर्जिंग म्हणतात. ते नेहमी जिथे मुरूम येतात तिथेच होतं आणि साधारण सहा आठवड्यांत ओसरू लागतं. आजवर जिथे कधी पुटकुळी आली नव्हती तिथे खाजरं पुरळ उठलं, तर ते पर्जिंग नव्हे. बाटली तुम्हाला मानवत नाही.

पार्लर, लग्न, सण

अप्परलिपला वॅक्स करणार असाल तर आठवडाभर आधी रेटिनॉल थांबवा, नाहीतर वॅक्सच्या पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो आणि ओठावर खपली घेऊन फिरावं लागतं. थ्रेडिंगला तीन-चार दिवसांचं अंतर पुरतं, पण भुवयांच्या वरच्या जागेत औषध लावू नका. ब्लीच आणि फळांच्या आम्लांचं फेशियल तर नकोच. पार्लरवाल्या ताईंना खुर्चीत बसतानाच सांगा की रेटिनॉल चालू आहे.

लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि नवरीला आता आठवण झालीय, तर सोडून द्या. निदान चार-पाच महिने हाताशी असतील तरच सुरू करा, आणि हळदीच्या आठवडाभर आधी थांबवा. ओली हळद चोळून अंघोळ घालणाऱ्या मावश्या-आत्यांचे हात काही हलके नसतात. दिवाळीत अभ्यंगस्नानाचं उटणं चेहऱ्याला चोळू नका, अंगाला लावा. रंगपंचमीच्या आधीही तीन-चार रात्री सुट्टी.

किती दिवस वाट बघायची

मुरूम आणि खडबडीतपणात फरक दिसायला १२ आठवडे. डागांना त्याहून जास्त, सुरकुत्यांना सहा महिने आणि पुढे. आरशात रोज बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, सकाळच्या त्याच उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढा. खोल खड्डे, लोंबलेली कातडी, डोळ्यांखालची वंशपरंपरागत काळी वर्तुळं यांना बाटलीतलं रेटिनॉल पुरं पडत नाही.

चार महिने नेमाने लावून मुरूम तसेच असतील, दुखणाऱ्या गाठी येत असतील, पाळीच्या तक्रारी आणि हनुवटीवर केसही असतील, किंवा एखाद्या डागाचा आकार-रंग बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जाताना चेहऱ्याला लावता त्या सगळ्या नळ्या-बाटल्या, ती बहिणीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा.